प्रत्येक पदात दोन टिंबं

सकाळी ६.३०

मे महिन्यात नागपुरात कामाच्या वेळा ऊन ठरवतं. अकरानंतर बाहेर पडायला कुणी धजत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक येतं ते एकतर सकाळी, नाहीतर दिवेलागणीला. म्हणून रामनगरातलं आमचं दुकान या दिवसांत साडेसहालाच उघडतं. पाटीवर टायपिंग, डीटीपी, थीसिस, बाइंडिंग असं सगळं लिहिलेलं आहे. साधा मजकूर मात्र आता ज्याचा तो घरीच टाइप करतो. अमरावती रोडवरच्या विद्यापीठ परिसरातून, सायन्सच्या कॉलेजांतून, क्लासेसमधून माणसं आमच्याकडे येतात ती वर्डमध्ये समीकरणं बिघडली म्हणून.

फाइल उघडली की मी आधी मजकूर वाचत नाही. एखाद्या समीकरणावर क्लिक करते. भोवती फिकट चौकट येऊन आत कर्सर लुकलुकला तर ते वर्डचं स्वतःचं समीकरण, म्हणजे २००७ पासून वर्डमध्ये जे आलं ते. कडांवर ठिपके उमटले आणि डबल क्लिकवर वेगळी खिडकी उघडली तर ते मॅथटाइपचं. ठिपके आले पण आत शिरताच येत नाही, तर ते चित्र. कुणीतरी पुस्तकातून स्क्रीनशॉट मारून चिकटवलेलं. एकाच प्रबंधात तिन्ही जाती सापडतात, कारण पहिलं प्रकरण मित्राच्या कॉम्प्युटरवर झालेलं असतं, दुसरं कॉलेजच्या लॅबमध्ये आणि तिसरं प्रवासात मोबाइलवर. कोणतं समीकरण कोणत्या जातीचं हे कळल्याशिवाय दुरुस्तीला हात घालण्यात अर्थ नाही. वर्डच्या समीकरणाचा उपाय चित्राला लागू पडत नाही.

सकाळी ७.३०

निवृत्त प्राध्यापक आहेत. फिजिक्स शिकवलं. वीस वर्षांपूर्वीच्या त्यांच्या नोट्स आता पुस्तकरूपात आणायच्या आहेत. पेन ड्राइव्ह पुढे करत म्हणाले, "ताई, दिसते तं सगळं बरोबर. पण एक खूण बदलवायला गेलो तं म्हणते, इक्वेशन उपलब्ध नाही. काऊन असं?"

सरांची फाइल जुन्या इक्वेशन एडिटरमध्ये केलेली. तो एडिटर मायक्रोसॉफ्टनं डिझाइन सायन्स या कंपनीकडून घेतला होता. मॅथटाइप त्यांचंच, हा त्याचा छोटा भाऊ. दीड दशक देशभरातल्या प्रश्नपत्रिका आणि प्रबंध त्याच्यावर झाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यात एक घातक पळवाट उघडकीला आली. सतरा वर्षांपूर्वी बांधलेल्या त्या प्रोग्राममधून, नुसती फाइल उघडली तरी बाहेरचा माणूस कॉम्प्युटरमध्ये शिरू शकत होता. जानेवारी २०१८ च्या अपडेटबरोबर मायक्रोसॉफ्टनं तो एडिटर ऑफिसमधून काढूनच टाकला. समीकरणाचं चित्र फाइलमध्ये राहिलं, ते बदलायचं हत्यार गेलं. काढून टाकण्याचा निर्णय योग्यच होता. पण ज्यांची आयुष्यभराची टिपणं त्या साच्यात होती त्यांना आधी कुणी सांगायला गेलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मॅथटाइपला ही जुनी समीकरणं वाचता येतात आणि एकगठ्ठा स्वतःच्या साच्यात बदलूनही देता येतात. सरांच्या कामाला तोच रस्ता. मात्र बदललेलं प्रत्येक समीकरण मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावं लागतं, कारण त्या काळी माणसं जागा सोडायला स्पेस मारत, सदिशाचा बाण वरून वेगळा काढून चिकटवत. बाण एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे, असं होतं. सरांना म्हटलं, छापील नोट्सही ठेवून जा. त्यांनी दुसऱ्या पिशवीतून त्या लगेच काढल्या. जपून ठेवलेल्या होत्या.

सकाळी ९.३०

आजचं सगळ्यात गंभीर काम वीस मिनिटांचं निघालं.

पर्यावरणशास्त्राची विद्यार्थिनी, शहरातल्या हवेतल्या धूलिकणांवर प्रबंध. तक्रार वेगळीच होती: काही ठिकाणी अक्षरांच्या जागी चौकोन दिसून राहिले. चौकोन शोधता शोधता माझी नजर तक्त्यावर गेली. पीएम २.५ चं चोवीस तासांचं मानक, शेजारी ६०, आणि एककाच्या जागी 'एमजी प्रति घनमीटर'. आपल्या देशाचं २००९ पासूनचं मानक ६० मायक्रोग्रॅम आहे. इथे ते मिलिग्रॅम झालं होतं. हजारपट.

"अगं, तू हे असं टाइप केलं होतंस का?"

"नाही ताई, म्यू होता. मीच टाकला होता, मला आठवते."

"मग फॉन्ट बदलला का?"

"गाइडनं सांगितलं सगळं टाइम्समध्ये पाहिजे. मी कंट्रोल ए मारून टाइम्स केलं."

तिथेच घात झाला. म्यू काढायची एक जुनी सवय आहे: कीबोर्डवर इंग्रजी एम दाबायचा, तो निवडायचा आणि त्याला सिम्बॉल फॉन्ट लावायचा. डोळ्यांना म्यू दिसतो, फाइलच्या पोटात एमच असतो. अल्फाखाली ए, बीटाखाली बी, लॅम्डाखाली एल. सगळ्या मजकुराचा फॉन्ट एका फटक्यात बदलला की वरचं सोंग उतरतं. अल्फाचा ए झाला तर वाचणारा निदान अडखळतो. म्यूचा एम झाला तर कुणी अडखळत नाही, कारण मिलिग्रॅम हेही खरंच एकक आहे, तेही घनमीटरबरोबर सर्रास येतं. वाक्य बिनचूक दिसतं. ज्या शहरात १९५८ मध्ये स्थापन झालेली नीरीसारखी संस्था हवा-पाण्याची मोजमापं करते, तिथल्या एका प्रबंधात हवा हजारपट विषारी ठरली असती, आणि ज्या तक्त्यात मोजलेलं आणि मानक दोन्ही बिघडली तिथे निष्कर्ष तरीही जुळल्यासारखा दिसला असता.

सरसकट शोधून बदलायची सोय इथे वापरायची नाही. तिच्या प्रबंधात पाण्याचंही एक प्रकरण होतं आणि तिथे मिलिग्रॅम प्रति लिटर बरोबरच होतं. म्हणून एकेक जागा तिलाच विचारत, तिच्या लॅबच्या वहीशी ताडत खरा युनिकोड म्यू घातला. त्याच झडतीत आणखी एक सापडलं. इंटरनेटवरून नुसता मजकूर म्हणून चिकटवलेल्या परिच्छेदात दहाचा तिसरा घात सपाट होऊन एकशे तीन झाला होता. वर चढवलेलं अक्षर साध्या मजकुरात खाली उतरतं आणि मागे काही खूण सोडत नाही.

ती गेली तेव्हा मी तिला एवढंच बजावलं की फॉन्ट बदलायचा तर स्टाइलमधून बदल, कंट्रोल ए मारून नाही.

सकाळी ११

बाहेर झळा सुरू झाल्या. एक मुलगा घाईत आला, एकच अडचण: ओळीच्या मधले अपूर्णांक वरून कापले जातात, फक्त छेद दिसतो. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ओळींचं अंतर 'एक्झॅक्टली' करून ठेवलेलं. म्हणजे ओळीला ठरावीक उंचीच मिळणार, आतलं समीकरण कितीही उंच असो. ते 'मल्टिपल' करून दीड केलं, अंश परत आले. पैसे घेतले नाहीत.

दुपारी १२ ते ५

दार लोटलं, कूलर लावला, कागदाचे रीम आतल्या कपाटात टाकले. कूलरच्या दमट वाऱ्यानं कागद वळतो आणि संध्याकाळी प्रिंटरमध्ये अडकतो. हे पाच तास सलग मिळतात, म्हणून अवघड काम मी या वेळेसाठी राखून ठेवते. सध्या ते सापेक्षतावादाचं आहे.

बाहेरच्या माणसाला नवल वाटेल, पण विदर्भातल्या गणित विभागांमधून आइनस्टाइनच्या सापेक्षतावादावर आणि विश्वाच्या प्रतिमानांवर पुष्कळ प्रबंध झाले आहेत आणि अजून होतात. त्यांत 'बियांकी' हे नाव पानोपानी येतं. लुइजी बियांकी या इटालियन गणितीनं १८९८ मध्ये अवकाशांचं जे वर्गीकरण केलं, त्यावर ही प्रतिमानं उभी आहेत. बियांकी प्रकार एकमध्ये विश्व तिन्ही दिशांना वेगवेगळ्या गतीनं पसरतं असं धरतात. त्या तीन दिशांचे तीन मापक, ए, बी आणि सी, काळाबरोबर बदलतात. बदलाचा वेग दाखवायला अक्षरावर एक टिंब द्यायचं, वेगाच्या बदलाला दोन.

आज टेबलावर असलेल्या फाइलमधून नेमकी ही टिंबं गेली आहेत. मूळ वर्ड फाइल हरवली म्हणून संशोधकानं आपल्याच पीडीएफवरून पुन्हा वर्ड करून घेतलं. पीडीएफला समीकरण वगैरे काही कळत नाही. त्याच्या लेखी पानावर ठरावीक जागी ठेवलेली अक्षरं, रेघा आणि ठिपके, बस. वर्ड ते उघडतं तेव्हा अंदाजानं जोडतं. अपूर्णांकाची रेघ कुठे अधोरेखा होते, खालचे निर्देशांक ओळीत येऊन बसतात, आणि अक्षरांवरची टिंबं कधी शेजारच्या अक्षरावर जातात, कधी नाहीशी होतात.

एक समीकरण उदाहरणादाखल वाचून दाखवते, आम्ही एकमेकांना वाचतो तसंच. बी-वर दोन टिंबं भागिले बी. अधिक सी-वर दोन टिंबं भागिले सी. अधिक बी-वर एक टिंब गुणिले सी-वर एक टिंब, भागिले बी-सी. आता यातल्या पहिल्या पदाची टिंबं गेली तर काय उरतं? बी भागिले बी, म्हणजे एक. पसरणाऱ्या विश्वाचा प्रवेग होता तिथे निव्वळ एक. आणि पान मात्र सुबक दिसतं, अपूर्णांक मध्यभागी, क्रमांक उजवीकडे, कुठे काही खटकत नाही.

मी गणितात पदवी घेतलेली नाही. सापेक्षतावाद मला येतो असंही नाही. पण वर्षानुवर्षं ही पानं हाताखालून गेली की त्यांची शिस्त लक्षात येते. या समीकरणांत काळाबरोबरच्या बदलाच्या ज्या पदांनी डावी बाजू बनते, त्यातल्या प्रत्येक पदात एकूण दोन टिंबं असतात. कधी दोन्ही एकाच अक्षरावर, कधी दोन अक्षरांवर एकेक, कधी एकटिंबी अक्षराचा वर्ग. बियांकीच्या दुसऱ्या काही प्रकारांत 'एक भागिले ए-वर्ग' असं वक्रतेचं पद येतं, त्यावर टिंब नसतंच. पण एकच टिंब असलेलं पद या रांगेत दिसलं की ते बिघडलेलं समजायचं. पदांची एककं जुळायची तर हे असंच असायला हवं, असं मला एका गाइडनं समजावून सांगितलं होतं, आणि तेव्हापासून मी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून टिंबं मोजते. नवीन आलेल्या मुलाला टायपिंग शिकवण्याआधी हे मोजणं शिकवते. ज्याला समीकरण वाचता येत नाही त्यानं ते टाइप करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सोडवता येण्याची गरज नाही, वाचता यायला हवं.

तर हे प्रकरण मी डागडुजी न करता संशोधकाच्या हस्तलिखितावरून नव्यानं टाइप करते आहे. ऑल्ट धरून बरोबरचं चिन्ह दाबलं की समीकरणाची चौकट उघडते. मेनूतली चित्रं शोधत बसत नाही. उलटी तिरकी रेघ आणि मग 'डीडॉट' असं टाइप करून दोनदा स्पेस दिली की दोन टिंबांची जागा तयार होते, 'डॉट' दिलं की एका टिंबाची. अपूर्णांकाला साधी तिरकी रेघ पुरते. हात बसला की उंदराला शिवावं लागत नाही. लांब समीकरण दोन ओळींत न्यायचं तर शिफ्ट-एंटर, आणि दोन्ही ओळींची बरोबरची चिन्हं एकाखाली एक लावायची सोय राइट क्लिकमध्ये आहे.

क्रमांकाचा घोळ सगळ्यात जास्त पाहायला मिळतो. लोक समीकरणापुढे टॅब मारत मारत क्रमांक उजव्या कडेला नेतात. ओळीत दुसरं काही आलं की वर्ड ते समीकरण वाक्याच्या मधलं समजून आक्रसतं: अपूर्णांक बारीक होतात, सिग्माच्या वर-खालच्या मर्यादा बाजूला सरकतात. नव्या वर्डमध्ये समीकरणाच्या शेवटी हॅशचं चिन्ह, त्यापुढे कंसात क्रमांक देऊन एंटर केलं तर तो आपोआप उजवीकडे जातो. लहान कामाला ते छान. प्रबंधाला मी तीन खणांचं, कडा नसलेलं टेबल करते: मधल्या खणात समीकरण, उजव्यात क्रमांक, आणि तो क्रमांक वर्डकडूनच मोजून घेतलेला. गाइडनं व्हायव्हाच्या तोंडावर मधेच एक समीकरण घालायला सांगितलं तरी पुढचे सगळे क्रमांक आणि मजकुरातले उल्लेख एका आदेशात सरकतात. हातानं घातलेले क्रमांक कुठेतरी चुकतातच, आणि परीक्षकाला '३.१८ वरून' असं वाचून ३.१८ मध्ये भलतंच काही दिसतं.

व्हीएनआयटी या इथल्या इंजिनिअरिंगच्या संस्थेतून आमच्याकडे नुसत्या बाइंडिंगला येणारी मुलं बहुतेक लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत लिहिलेलं आणतात. त्यात हे त्रास कमी. त्याच्या मुळाशी असलेलं टेक हे डोनाल्ड क्नूथनं बनवलं तेच मुळी स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची बिघडलेली प्रुफं १९७७ मध्ये पाहून. जगातला एवढा मोठा गणिती छपाईसाठी आपलं मुख्य काम बाजूला ठेवतो, हे मला फार मोलाचं वाटतं. पण तालुक्याच्या कॉलेजात शिकवून, संध्याकाळी संशोधन करणाऱ्या माणसाला लाटेक शिकायला कुणी सहा महिने देत नाही. त्याचा गाइड वर्डमध्येच दुरुस्त्या मागतो. त्याच्यासाठी वर्डच नीट वापरायला शिकवणं मला जास्त गरजेचं वाटतं.

सायंकाळी ६.३०

ऊन उतरलं की क्लासवाले. सीईटीची सराव परीक्षा, प्रश्नपत्रिका मराठी आणि इंग्रजी दोन्हीत. मराठी मजकूर कृतिदेवमध्ये. कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षराखाली इंग्रजी अक्षर लपलेलं असतं. तो मजकूर समीकरणाच्या चौकटीत शिरला की चौकट आपला कॅम्ब्रिया मॅथ फॉन्ट लावते आणि 'जर' आणि 'तर' यांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा उमटतो.

"मॅडम, प्रिंट उद्या सकाळी आठला पाहिजे. पोरं येऊन राहिले."

मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलला. मग 'जर', 'तर', 'येथे' हे शब्द चौकटीबाहेर काढले. आतच ठेवणं भाग असेल तर त्यांना 'नॉर्मल टेक्स्ट' करून मराठीचा फॉन्ट वेगळा लावावा लागतो, नाहीतर जोडाक्षरांचा भरवसा नाही. उणे चिन्हं तपासली. बहुतेकांनी हायफन टाकलेलं असतं. हायफनवर ओळ तुटते, मग उणे एका ओळीच्या शेवटी राहतं आणि पाच पुढच्या ओळीत जातो. परीक्षा देणाऱ्या पोरानं ते अधिक पाच वाचलं तर त्याचे गुण जातात आणि चूक कुणाची होती हे त्याला कधीच कळत नाही. प्रश्नपत्रिकेच्या कामात मला धाक वाटतो तो याचाच. प्रबंधाला गाइड असतो, परीक्षक असतो. प्रश्नपत्रिकेला थेट पोरगंच.

रात्री ८.३०

छपाईआधीचं वाचन. हे मी कधीही एकटीनं करत नाही. सहकारी मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचतो, मी पडद्यावर बघते: कंस सुरू, अंशात बी-वर एक टिंब, छेदात बी, कंस पुरा, वर्ग, गॅमा, वर आय, खाली जे-के. निर्देशांकांचा क्रम बदलला की अर्थ बदलतो, म्हणून 'वर' आणि 'खाली' हे शब्द गाळायचे नाहीत, कितीही कंटाळा आला तरी. आज टिंबांच्या प्रकरणात चार पानं झाली. एका जागी हस्तलिखितातच पदाला एक टिंब कमी होतं. मी ते दुरुस्त केलं नाही. पेन्सिलीनं समासात प्रश्नचिन्ह केलं आणि संशोधकाला फोन लावला. त्यांनी वही काढून पाहिली, म्हणाले, "बरोबर आहे ताई, दोनच पाहिजेत. आकडेमोडीत दोन आहेत, उतरवताना सुटलं." मग दुसरं टिंब घातलं. आपल्याला शंका आली तरी लेखकाला विचारल्याशिवाय गणिताला हात लावायचा नाही, हा या धंद्यातला नियम मी सगळ्यांत वरचा मानते.

शेवटी पीडीएफ. फॉन्ट आत बांधले गेले की नाही ते फाइलच्या माहितीत बघितलं, आणि पीडीएफ दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून तीच चार पानं पुन्हा पाहिली. हाच पीडीएफ पुढे शोधगंगेवर, प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढेल आणि कुठल्या तरी गावातला पुढचा संशोधक त्यातूनच समीकरणं उतरवून घेईल.

ज्यांचे प्रबंध या उन्हाळ्यात जमा व्हायचे आहेत त्यांना माझी विनंती आहे. समीकरणांची हाताने लिहिलेली वही फेकू नका, काम द्यायला येताना ती बरोबर आणा. वर्डची मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा. जुन्या 'डॉक' साच्यात सेव्ह करू नका. तिथे नवी समीकरणं चित्रं होऊन बसतात. तसं झालंच असेल तर त्यांना हात न लावता फाइल नव्या साच्यात आणा, बहुधा परत येतात. मोबाइलवर उघडून दुरुस्ती करू नका. आणि बाइंडिंगला टाकण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, आठ दिवस आधी या. वाचायला वेळ लागतो.